चीफकाकांची न वाजलेली तबकडी

चीफकाका रेकॉर्ड लावत, तेव्हा कानाला एक लांब स्क्रूड्रायव्हर लावून बसत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जॅझ हे संगीत असंच ऐकायचं असेल. मला जॅझबद्दल काहीच माहिती नव्हती. सिंगापूरला येऊनही जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळे जे दिसेल ते इथली पद्धत आहे असं मी धरून चालले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक रेकॉर्ड प्लेयरच्या लाकडी पेटीला टेकवलेलं, मूठ कानावर दाबलेली, डोळे मिटलेले. गाणं संपलं की ते डोळे उघडत आणि समाधानाने म्हणत, "बेअरिंग ठीक आहे."

पुढे कळलं की जहाजाच्या इंजिनरूममध्ये सगळे असंच करतात. चालत्या मशीनच्या आत कुठे खडखडतंय ते असं ऐकतात. काकांनी आयुष्यभर तेच केलं होतं. म्हणजे वर रेकॉर्ड वाजत असताना ते खालची मोटर ऐकत असत. काकू म्हणायच्या, "लग्नानंतर माझंही असंच ऐकायचे. मी काय म्हणतेय ते नाही, मी कुठे खडखडतेय ते."

चीफकाका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. ते जहाजावर चीफ इंजिनिअर होते आणि माझे बाबा त्यांच्या हाताखाली फिटर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सिंगापूरच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश आणि फीला मदत मिळाली, तेव्हा गुहागरच्या आमच्या घरात आनंदापेक्षा घबराट जास्त झाली. बाबांनी एसटीडी बूथवरून काकांना फोन लावला. काका तेव्हा निवृत्त होऊन सिंगापूरलाच स्थायिक झाले होते. बाबा बूथमध्ये चपला बाहेर काढून, ताठ उभे राहून बोलत होते.

"साहेब, मुलगी तिकडे येतेय. एखादी खोली बघून ठेवाल का?"

"बघायची कशाला? माझ्याकडे आहे," काका म्हणाले.

हे अर्धंच खरं होतं. बेडोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तीन खोल्या होत्या. एक काका-काकूंची. एक रेकॉर्डची. तिसरीत मी राहिले, तीही रेकॉर्डचीच, फक्त तिथल्या रेकॉर्ड कमी महत्त्वाच्या होत्या आणि मध्ये एक पलंग होता.

काका मला 'फिफ्थ' म्हणत. जहाजावर सगळ्यांत खालच्या इंजिनिअरला फिफ्थ म्हणतात. "फिफ्थ, चहा घेणार?" "फिफ्थ, तो पंखा बंद कर." मला त्याचं वाईट वाटलं नाही. बाबा तर इंजिनिअरही नव्हते, म्हणजे मी आल्याआल्याच बाबांच्या वर गेले होते. ही गोष्ट मी बाबांना पत्रात कधी कळवली नाही.

घरात एसी एकच होता आणि तो मोठ्या रेकॉर्डखोलीत. सिंगापूरला उकाडा बारा महिने. आम्ही तिघं माणसं घामाने निथळत पंख्याखाली जेवायचो आणि दाराआड तबकड्या गारव्यात उभ्या असायच्या. आडव्या नाही, कारण आडव्या ठेवल्या तर त्या वाकतात. "मी पुढच्या जन्मी तबकडीच होणार," काकू म्हणायच्या. "थंडगार कपाटात उभं राहायचं, कुणी हात लावायचा नाही, कुणी ऐकायचं नाही. ऐकत तर आताही कुणी नाही म्हणा."

परीक्षेच्या दिवसांत मला त्या खोलीत अभ्यासाला बसायची परवानगी मिळे, पण अटींवर. खायचं नाही, कपाटाला टेकायचं नाही आणि शिंकायचं नाही. शिंक आलीच तर बाहेर जायचं. थर्मोडायनॅमिक्सच्या परीक्षेआधी मला सर्दी झाली होती. माझा निम्मा अभ्यास दारात झाला.

काकांना जे ठाऊक असे ते इतकं अचूक असे की त्यांच्यासोबत कुठे जायची भीती वाटे. एकदा गणपतीत बुकित तिमाहच्या एका काँडोमध्ये, म्हणजे उंची फ्लॅटमध्ये, आम्हाला जेवायला बोलावलं होतं. यजमान पुण्याचे, कॉम्प्युटरमधले, फार प्रेमळ माणूस. काकांना आवडेल म्हणून त्यांनी मुद्दाम जॅझची नवी सीडी आणून लावली. मोदक पानात पडत होते. काका ताडकन उठले.

"हे बंद करा."

"का हो काका? आवडलं नाही?"

"हा दुसऱ्या वेळी मुद्रित केलेला टेक आहे. रेकॉर्डवर निघाला तो तिसरा होता. या लोकांनी सीडीवर टाकून दिलेला टेक घातलाय, आणि वर मूळ ध्वनिमुद्रण म्हणून छापलंय. खोटं आहे हे. घरात देव बसलाय तुमच्या."

यजमानांनी सीडी बंद केली. मोदकांचा आग्रह मग कुणी केला नाही. परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये काकू खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "झालं. हाही गणपती बंद झाला." काका म्हणाले, "खोटी माहिती कानावर पडली तर मला गप्प बसता येत नाही." हे अगदी खरं होतं. त्यांना ते शक्यच नव्हतं. पुढचं सांगताना मला हेच पुन्हापुन्हा आठवतं.

महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे काकांसारखेच तीन-चार संग्राहक जमत. त्यांचे म्होरके डॉक्टर तान, दातांचे डॉक्टर. ते रेकॉर्डच्या रेघांमधली धूळ दात कोरायच्या बारीक हत्याराने काढत आणि काढताना सवयीने स्वतःचं तोंड उघडत. माझी समजूत होती की हे लोक गाणी ऐकायला जमतात. तसं नव्हतं. एकजण पाकिटातून तबकडी काढे, कडेने धरे. मग ती हातोहात फिरे. प्रत्येकजण भिंगातून मधल्या लेबलाजवळ कोरलेला नंबर वाचे आणि मान डोलवे. "ओरिजिनल, लाह," डॉक्टर तान सिंगापुरी लकबीत म्हणत. मग ती पाकिटात परत जाई. मी एकदा चहा देताना विचारलं, "लावून बघत नाही का कुणी?" सगळे माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी डॉक्टर तान मायेने म्हणाले, "गर्ल, प्रत्येक वेळी सुई फिरली की रेकॉर्ड थोडी मरते. यू वाँट टू किल, इज इट?"

त्यामुळे त्या मंडळींत सगळ्यांत मोठा मान न वाजलेल्या तबकडीला होता. आणि अशी एक, जिच्यापुढे बाकीच्या सगळ्या फिक्या, काकांकडे आली ती मी दुसऱ्या वर्षाला असताना.

तिची गोष्ट काका तुकड्यातुकड्यांनी सांगत. ते मुंबईच्या गोदीत शिकाऊ होते, तेव्हा तिथल्या एका मोठ्या हॉटेलात एक बँड वाजवायचा. आत जायला कोट आणि टाय लागे. काकांकडे दोन्ही नव्हतं. ते हॉटेलच्या मागच्या बोळात, भटारखान्याच्या दाराशी उभे राहत. वेटर ट्रे घेऊन दार ढकले तेवढाच बँडचा एक तुकडा बाहेर येई, दार मिटलं की बंद. असे तुकडे जोडत त्यांनी एक धून ऐकली होती. मध्ये एका जागी सॅक्सोफोन यायचा, पण नेमकं तेव्हा दार कधीच उघडं नसे. पुढे एका रेकॉर्ड कंपनीने त्या बँडच्या धुना मुद्रित केल्या, बाकीच्या बाजारात आल्या, ती एक आली नाही. फक्त पसंतीसाठी काढलेल्या नमुन्याच्या दोन-चार तबकड्या निघाल्या आणि कुठे गेल्या कुणाला माहीत. जहाज ज्या ज्या बंदराला लागलं तिथल्या जुन्या बाजारात काकांनी ती शोधली. ती सापडली अखेर पेनांगला, एका भंगारवाल्याकडे. निवृत्तीच्या वेळी जहाज कंपनीने दिलेलं जहाजाचं पितळी घड्याळ त्यांनी तिच्या बदल्यात देऊन टाकलं.

पांढरं लेबल, त्यावर हाताने लिहिलेला नंबर, आणि अंगावर सुईचा एकही ओरखडा नाही. डॉक्टर तान भिंग घेऊन आले आणि कडेपासून लेबलापर्यंत रेघ न् रेघ तपासत गेले. त्या बँडचा बँडमास्तर स्वतः ट्रम्पेट वाजवे आणि त्याच्यावर त्यांची भक्ती होती. तो एकदा सिंगापूरला वाजवायला आला होता तेव्हा शाळकरी तानांनी त्याला ऐकलं होतं. त्यांच्या दवाखान्यात दाढांच्या तक्त्याशेजारी त्याचा फोटो होता. शेवटी ते म्हणाले, "चीफ, नेव्हर प्लेड?"

"नेव्हर," काका म्हणाले. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

"आणि लावणारही नाहीत," काकू आतून म्हणाल्या.

ती कधीच लागली नसती, पण काकू एका सकाळी बेडोकच्या बाजारात बांगडे घ्यायला गेल्या. तिथे एक म्हातारा मासेवाल्याशी भांडत होता, आधी इंग्रजीत आणि मग स्वतःशी कोंकणीत. काकूंना राहवलं नाही. "अहो, हे कालचे आहेत, घेऊ नका," त्या मराठीत म्हणाल्या. म्हातारा वळला. "बाय! तू आपली?" एवढं झाल्यावर काकू त्याला बांगड्यांसकट घरी घेऊन आल्या.

ते आंतोन अंकल. पूर्वी हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवत. बायको वारलेली, मुलं पर्थला. काटोंगला एका जुन्या दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहत. जेवताना त्यांनी उघड्या दारातून रेकॉर्डखोलीकडे पाहिलं आणि मुंबईच्या त्या हॉटेलचा विषय निघाला. बोटं चाटत ते म्हणाले, "तो बँड? मी होतो ना त्यात, मॅन."

काकांचा घास हातातच राहिला. ज्या बँडसाठी त्यांनी बंदरं पालथी घातली, त्यातला माणूस काही बस स्टॉप पलीकडे राहत होता आणि बायकोला माशांच्या बाजारात सापडला होता. त्यांचा विश्वास बसेना. हात धुऊन त्यांनी परीक्षाच घ्यायला सुरुवात केली.

"ध्वनिमुद्रण कुठल्या महिन्यात झालं?"

"गरम होत होतं खूप."

"मुंबईत नेहमीच होतं. पियानोवर त्या दिवशी कोण होतं? नेहमीचा की बदली?"

"ते नाही आठवत. पण दुपारी जेवायला सोरपोतेल आणलं होतं कुणीतरी. फर्स्ट क्लास."

"नंबर काय पडले होते धुनांना?"

"नंबर?" आंतोन अंकलनी काकूंकडे पाहिलं. "धुनेला नंबर असतो, बाय?"

ते गेल्यावर काका म्हणाले, "या माणसाला स्वतःबद्दल काहीही माहिती नाही."

पण आंतोन अंकल येत राहिले, आणि एका रविवारी काकांनी त्यांना ती तबकडी दाखवली. नंबर वाचून दाखवला. आंतोन अंकलनी तिला हात लावला नाही. मग म्हणाले, "ही आलीच नाही बाजारात. माझ्यामुळे."

त्यांनी सांगितलं ते असं. या धुनेत त्यांचा सॅक्सोफोन एकट्याने वाजायचा, आयुष्यातला पहिला मोका. मुद्रण झाल्यावर बँडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, आंतोन चुकीच्या जागी घुसला, सगळं नासवलं. कंपनीने ती धून काढली नाही आणि त्याने आंतोन अंकलना बँडमधून काढलं. मग ते एका बोटीवरच्या बँडमध्ये लागले आणि सिंगापूरला उतरले. "पण मी चुकलो काय, तेच मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "वाजवताना बरोबर वाटत होतं. बायकोला आयुष्यभर सांगत आलो, मी नाही चुकलो. ती म्हणायची, हो हो. बायका म्हणतातच तसं. आता हा उजवा कान गेलाय. डावा पण चाललाय, डॉक्टरनी सांगितलं. एकदाच लाव, चीफ. मला ऐकू दे."

काकांनी तबकडी पाकिटात घातली. "ही वाजवलेली नाही," ते म्हणाले. जसं काही तेच उत्तर होतं.

"अहो!" काकू म्हणाल्या.

"राहू दे, बाय," आंतोन अंकल म्हणाले. "त्याचा नियम आहे."

त्यानंतर ते यायचे थांबले. रागावून नाही, असं मला वाटतं. मागितलेलं मिळालं नाही की माणसाला त्या घरी जेवायला संकोच वाटतो. काकूंनी भांडण केलं नाही, एकदाच बोलल्या. "जगातली सगळ्यात भारी धून आहे म्हणून इतकी वर्षं ऐकतेय मी. तुम्हाला कुणी सांगितलं भारी आहे म्हणून? भटारखान्याच्या दाराने?" काका खोलीत गेले आणि बंद प्लेयरला स्क्रूड्रायव्हर लावून बसले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

काही दिवसांनी काकूंनी काका आणि मी, दोघांना डबा देऊन काटोंगला पाठवलं. जिन्यावर सॅक्सोफोनचा आवाज नव्हता, नुसती खटखट ऐकू येत होती. दार उघडंच होतं. आंतोन अंकल आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले होते. सॅक्सोफोन गळ्यात होता पण तोंडात नव्हता. त्याच्या खटक्यांवर बोटं तेवढी फिरत होती. कुठेतरी यायची, थांबायची, पुन्हा मागून सुरुवात. आम्ही आलेलं त्यांना ऐकू आलं नाही. काकांनी पुढे होऊन खांद्याला हात लावला.

"काय वाजवताय?"

"तेच, मॅन," ते म्हणाले. "कुठे चुकलो ते शोधतो. रोज."

घरी आल्यावर काका म्हणाले, "फिफ्थ, रविवारी दुपारी मोकळी आहेस ना? पेटी समपातळीत बसवायला माणूस लागेल."

त्या रविवारची तयारी जहाज बंदराबाहेर काढायची असावी तशी चालली होती. प्लेयरखाली कागदाच्या घड्या सरकवत आम्ही पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. नवी सुई बसवली. आवाज नको म्हणून एसी बंद केला, पंखा बंद केला. काकूंना कुकर लावायचा नाही असा हुकूम झाला. आंतोन अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांना काकांनी स्वतःच्या खुर्चीत, डावा कान स्पीकरकडे करून बसवलं. मग तबकडी ठेवली. मग काकांनी सुई टेकवली. त्या दिवशी त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर नव्हता.

आधी तळणीसारखी चरचर. मग एकदम बँड. मला जॅझ कळत नाही, आजही नाही. पण ती धून ऐकताना मला बसवेना, एवढं सांगता येईल. ट्रम्पेट वर वर चढत होतं आणि चढता चढता आता संपणार असं वाटत होतं. ते संपायच्या आत सॅक्सोफोन आला.

आरती म्हणताना एखादा माणूस जोशात सगळ्यांच्या आधी पुढचं कडवं सुरू करतो ना, अगदी तसा. बाकीचे अजून मागच्याच ओळीत असतात आणि त्याला थांबताही येत नाही. थोडा वेळ ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकमेकांच्या पायात पाय घालत होते. मग बँड कसाबसा सावरला आणि सॅक्सोफोन पुढे गेला. पुढे तो फार सुंदर होता. पण चूक झाली होती आणि ती माझ्यासारखीलाही कळली. काकूंनी पदर तोंडाशी नेला. मी काकांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

तबकडी संपली. सुई मध्ये फिरत राहिली. आंतोन अंकलनी वर न बघता विचारलं, "कोण चुकलं?"

काकूंनी उठून पंखा लावला.

"माझा कान आता असा आहे. मला कळलं नाही नीट. चीफ, तू एक्स्पर्ट आहेस. सांग. कोण चुकलं?"

काकांनी सुई उचलली. तबकडी पाकिटात घालायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग ते वळले आणि गणपतीच्या दिवशी काँडोमध्ये वापरला होता त्याच आवाजात म्हणाले, "बँडमास्तर."

"काय?"

"बँडमास्तर चुकला. ट्रम्पेटने जिथे संपवायला हवं तिथे त्याने संपवलं नाही. हावरटपणा केला. चार मात्रा जास्त घेतल्या. तुम्ही बरोबर तुमच्या जागी आलात. तो तिथे अजून उभा होता, त्याला तुम्ही काय करणार?"

"शुअर?"

"मी कधी चुकीची माहिती देतो का?"

आंतोन अंकल उठले. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दोन्ही हात वर करून इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारची चिनी बाई दारात आली. "साला! साला बँडमास्तर!" ते हसत होते आणि डोळे पुसत होते. काकूंनी ताबडतोब कुकर लावला. त्या दिवशी आंतोन अंकल पोटभर जेवले, आणि काका जेवलेच नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

आंतोन अंकलना खरंच कळलं नव्हतं, की कळूनही त्यांनी काकांच्या तोंडून ऐकायचं ठरवलं होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी काकूंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "तू इंजिनिअरिंगचं बघ."

हे इथेच संपलं असतं, पण आंतोन अंकल गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. काटोंगच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाण्याच्या गाळ्यांत, ते टेबलाटेबलाला ही गोष्ट सांगू लागले. वर्ष संपायच्या आत त्यांचा डावा कानही गेला, त्यामुळे त्यांच्याशी वादही घालता येईना. फिरत फिरत गोष्ट डॉक्टर तानांपर्यंत पोचली. ते ठरलेल्या रविवारची वाटही न बघता, बाकीच्यांना घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"चीफ, तू ती वाजवलीस?"

"एकदा."

डॉक्टर तानांनी ते निधनाची बातमी ऐकावी तसं ऐकलं. पण ते फक्त त्यासाठी आले नव्हते. "आणि तू म्हणालास, लीडर चुकला? द लीडर? चीफ, तो कधी चुकला नाही, लाह. एकदाही नाही. मी पाहिलंय त्याला. एवढं म्हणतोस तर लाव. आम्हाला ऐकव. नाहीतर शब्द मागे घे. मी लंडनच्या आपल्या संग्राहकांच्या मासिकाला लिहिणार आहे."

मला वाटलं, काका काहीतरी करतील. त्यांच्या ज्ञानावर कुणी असं बोट ठेवलं की ते जागचे उठून पुरावा आणत. पुरावा पाच पावलांवर कपाटात होता. पण तो लावला की त्या मासिकात छापून येणार होतं की आंतोनच चुकला. काका खुर्चीत बसून राहिले.

"आता लावता येणार नाही," ते म्हणाले.

"व्हाय?"

काकांना खोटं बोलायची सवय नव्हती. एकदाच बोलले होते आणि त्यानेच ते दमले होते. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. "चीफ," डॉक्टर तान हळू आवाजात म्हणाले, "ती होती ना खरंच ओरिजिनल?"

"फुटली," काकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात झाडू. "मी फोडली. कपाट झाडताना. हातातून सटकली, फिनिश."

डॉक्टर तान खाली बसले. "ब्रोकन?" ते म्हणाले. "तुकडे? नंबरचा तुकडा तरी?"

"तुकडे ठेवून काय करायचेत? शूटमध्ये टाकले."

आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात भिंतीत एक झडप होती. कचरा तिच्यात टाकला की तो थेट इमारतीच्या तळाशी जाई. डॉक्टर तान उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी झडप उघडली आणि वाकून बराच वेळ त्या काळोखात बघत राहिले. मग ती हलकेच बंद केली. परत येऊन त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. बाकीच्यांनीही एकेक करून धरला. काकूंच्या नजरेला नजर कुणीच दिली नाही. दाराशी डॉक्टर तान काकांच्या कानाशी म्हणाले, "यू आर अ स्ट्राँग मॅन, चीफ. माझ्या बायकोने असं केलं असतं तर..." मासिकाला काही लिहिलं गेलं नाही. मेलेल्या तबकडीबद्दल वाद घालणं त्यांच्यात असभ्य समजतात.

ते गेल्यावर काका म्हणाले, "अगं, आता सगळ्या सिंगापूरमध्ये तुला..."

"म्हणू देत. मला कुठे त्यांच्यात मान मिळवायचाय?" काकू म्हणाल्या आणि झाडू जागेवर ठेवून आल्या.

तबकडी अर्थात कपाटातच होती. पण आता ती कुणाला दाखवता येणार नव्हती. तिचा नंबर कुणी भिंगातून वाचणार नव्हतं. ती कुणाला विकता येणार नव्हती, कशाशी बदलता येणार नव्हती, तिच्याबद्दल एक वाक्य बोलता येणार नव्हतं. संग्राहकाच्या दृष्टीने ती खरोखरच फुटली होती. काका काही दिवस त्या कपाटावरून नुसता हात फिरवत. मग एका दुपारी मी कॉलेजातून आले, तर रेकॉर्डखोलीचं दार बंद होतं आणि आतून बँड ऐकू येत होता.

पुढे ते रोजचंच झालं. माझं शेवटचं वर्ष होतं. दुपारी घरी असले की मीही जाऊन बसायची. काकू मेथी निवडायला घेऊन आत येत, थंड हवेत, काकांच्या शेजारी. मेथीला कुणी हरकत घेत नसे. तबकडीवर आता चांगलेच ओरखडे उठले होते आणि चरचर दर आठवड्याला वाढत होती. काकांच्या कानाला आता स्क्रूड्रायव्हर लावलेला नसे. ट्रम्पेट चढू लागलं की ते थोडे पुढे सरकत. ट्रम्पेट संपायच्या आत सॅक्सोफोन आत शिरे.

"आला बघ," काका म्हणत. "अगदी वेळेवर."

"तुमच्या बँडमास्तरालाच घाई नाही," काकू मेथीची जुडी सोडत म्हणत.